पाइपाचं वरचं टोक

छपरावर चढायची माझी ही पहिलीच वेळ, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे शिडी धरायला धावले असते आणि "जपून हं, जपून हं" करून माझा जीव खाल्ला असता. मिस्त्रींचा खाकी शर्ट अंगावर चढवला, बाह्या दुमडल्या, पाने-पकडी खिशात कोंबल्या आणि चढले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर गुडघ्याने कुरकुर केली. त्याला म्हटलं, गप बस, तुझं नंतर बघते.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायचे. मोठ्या स्वयंपाकघरांचा धूर ओढणारे पंखे बसवायचे, हा आमचा धंदा. चुलींच्या डोक्यावर पत्र्याचं हूड, हूडातून निघून मजले चढत छपरापर्यंत जाणारा चौकोनी पाइप, आणि पाइपाच्या वरच्या टोकाला पंखा. पंखा छपरावर, त्याचं बटण खाली चुलींपाशी. म्हणजे माणसं दोन लागतातच. मिस्त्री वर, मी खाली, हा नेम आमचा कधी मोडला नाही. ते वरून पाइपावर पाना आपटायचे, तो ठोका मला खाली हूडापाशी ऐकू यायचा. एक ठोका म्हणजे बटण दाब. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे झालं काम, डबा उघड.

"मला एकदा वर येऊ द्या की," असं मी कितीदा म्हटलं असेल.

"तुझं काय काम आहे वर? वर नुसता वारा आणि कबुतरांची घाण," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग खाली उभ्या उभ्या मी काय करणार? तोंड चालवायची. भांडी घासणारी, भाजी चिरणारी कोणी ना कोणी बाई तिथे असायचीच. मिस्त्री शिडी चढले रे चढले की माझी टकळी सुरू. त्यांच्या घोरण्यापासून ते चपला कुठेही सोडण्यापर्यंत सगळा पाढा वाचून व्हायचा. समोर बोलायची सोय नव्हती अशातला भाग नाही, पण समोर बोललं की ते नुसते "हं" म्हणायचे. त्या "हं"शी कोण भांडणार?

पण एक सांगते, माणूस मनकवडा होता. ओल्या फरशीवर उभं राहून माझे तळवे ठणकायचे. मी घरात कधी ब्र काढला नाही, आणि एक दिवस माझ्यापुढे जाड तळाच्या चपला आल्या. आमच्या ओट्यासमोर कोरी भिंत होती. भिंतीकडे बघत भांडी घासून माझं डोकं फिरायचं. एका सुट्टीला मिस्त्री उठले, छिन्नी-हातोडा घेतला आणि तिथे खिडकी पाडली. दाढ दुखत होती तेव्हा तर न विचारता हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बायकांना अभिमानाने सांगायचे, "आमच्या मिस्त्रींना माझ्या मनातलं कळतं हो. तोंड उघडावं लागत नाही मला." त्या बायका माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या.

असा माणूस झोपेतच गेला. छातीत दुखत होतं म्हणे बरेच दिवस. मला सांगितलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर भाऊजी आले. माझे धाकटे दीर, टेम्पो चालवतात. भाऊजी वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, कडकडून भांडता तरी आलं असतं. म्हणाले, "वहिनी, हत्यारं विकून टाका. घर सोडा. आमच्याकडे मागची खोली आहे, तुम्ही काय परक्या आहात का?"

मागची खोली मी बघितलेली आहे. धान्याच्या गोण्या, पोरांची मोडकी सायकल, आणि एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला नाक लावून. तिथे मी काय करायचं? गोण्यांवर हात फिरवत बसायचं आणि जाऊबाईंनी हाक मारली की ओ द्यायची? माझं घर लहान आहे, पण ओट्यासमोर खिडकी आहे.

"भाऊजी, एक पंखा लावून दाखवते," मी म्हटलं. "नीट चालला तर मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही. नाही चालला तर हत्यारं तुमची, आणि हत्यारांबरोबर मीही."

"वहिनी, तुम्ही आयुष्यभर बटण दाबलंय."

"मोटर उघडून बंद करते मी. तुमच्या भावाने शिकवलंय."

ते खरंच होतं. गेल्या वर्षी मिस्त्रींना अचानक काय लहर आली कोण जाणे, रोज संध्याकाळी जमिनीवर जुनी मोटर मांडायची आणि "अगं, इकडे ये. हे उघड." पट्टा किती ताणायचा, बेअरिंगला ग्रीस किती, तीन वायरी कुठे जोडायच्या. मी दमून आलेली, स्वयंपाक पडलेला, आणि हे मास्तर होऊन बसलेले. "मला कशाला हो हे? म्हातारपणी पेपर द्यायचाय का मला?" मी ओरडायचे. ते "हं" म्हणायचे आणि पुन्हा मोटर पुढे सरकवायचे.

भाऊजी कबूल झाले. शिवाय पंखा न्यायला टेम्पो घेऊन आलेही.

काम होतं ते एका कारखान्याच्या कामगारांचं जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघरात. खाली स्वयंपाकघर, वर दोन मजले कचेऱ्या, त्यावर छप्पर. तिथला आचारी आमच्या जुन्या ओळखीचा. माणूस दांडगा, आवाज मात्र मांजरासारखा मऊ. त्याचा जुना पंखा जळाला होता. पंख्याशिवाय चुली पेटवल्या की घटकाभरात सगळ्यांचे डोळे लाल. दुसरा कोणी मिळाला असता त्याला, पण मिस्त्रींच्या आठवणीने त्याने मला निरोप धाडला. "मिस्त्रीणबाई, तुम्ही आल्यात, आता मला काळजी नाही," असं तो म्हणाला आणि काळजीने माझ्याकडे बघत राहिला.

पंखा वर चढवताना भाऊजींच्या आणि दोन हमालांच्या नाकी नऊ आले. मग ते खाली गेले आणि मी कामाला लागले. पाइपाच्या तोंडावरची चौकट साफ केली, रबर अंथरलं, पंखा त्यावर बसवला. पातळी बघितली. बिजागरी लावली. साफसफाईला पंखा एका बाजूने झाकणासारखा उचलून कलता करता यावा, यासाठी ती असते. नट आवळले, पट्टा ताणला, अंगठ्याने दाबून बघितला. लाल, पिवळी, निळी, तिन्ही वायरी डबीत जोडल्या. प्रत्येक वेळी कानात "हं" येत होतं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, असं म्हणूया.

मग मी खाली उतरले, फ्यूज बसवले आणि बटण दाबलं.

पाइप घुमला. मी हूडाच्या जाळीपाशी कागद धरला आणि सोडला. कागद जाळीला गच्च चिकटला. नेहमीसारखाच. आचाऱ्याने टाळी वाजवली. भाऊजी कागदाकडे बघत म्हणाले, "वहिनी, मानलं बुवा तुम्हाला." माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं. म्हटलं, घ्या, झाले मी मिस्त्री.

"आता थोडं तेल तापवून धूर करून बघा," मी आचाऱ्याला सांगितलं. त्याने कढई चढवली, कांदा टाकला. धूर वर गेलेला मला दिसला. सगळा गेला का, ते बघायला मी थांबले नाही. पहिल्यांदा फिरवल्यावर पंखा बंद करून आतले नट पुन्हा तपासायचे, ही मिस्त्रींची शिस्त. आणि पंख्यात हात घालायच्या आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, ही त्याहून मोठी शिस्त. बटण बंद केलं, फ्यूज खिशात घातले आणि पुन्हा ते मजले चढले.

वर येऊन पंखा बिजागरीवर कलता केला. खाली पाइपाचं काळं चौकोनी तोंड. मी आत वाकून पाना लावला, आणि त्या काळोखातून भाऊजींचा आवाज आला, "कांदा जळतोय बघा."

मी दचकून मागे बघितलं. मागे कोण असणार, कबुतर.

"बघतो," पाइपातून आचारी म्हणाला. मांजरासारखा तो आवाज, पण शब्द न् शब्द स्वच्छ. झारा कढईला लागला तोही ऐकू आला. माझ्या कानाशी तोंड लावून बोलावं इतकं जवळ. मी पाना हातात धरून तशीच उभी राहिले. भिंतीला कान असतात म्हणतात. पाइपालाही असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कोणी सांगितलं नव्हतं! ज्याला ठाऊक होतं तो कशाला सांगेल? माझे तळवे, माझी भिंत, माझी दाढ. हे सगळं मी कुठे बोलले होते? घरात नाही. बटणापाशी, हूडाखाली उभी राहून, भांडी घासणाऱ्या बायकांना. आणि वर हा माणूस पंखा उघडून, पाइपाच्या तोंडाशी बसून सगळं ऐकत होता. त्यांच्या घोरण्याच्या नकलेसकट! म्हणून वर येऊ देत नव्हते. म्हणून नट आवळायला इतका वेळ लागत होता. मनकवडा म्हणे! अहो लबाड माणसा!

मला हसू फुटलं. कबुतर उडालं. मी एकटी छपरावर पाइपाला धरून खो खो हसत होते, आणि हसता हसताच मला गेल्या वर्षीचा, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला दिवस आठवला. तिथल्या भांडीवालीला मी काय म्हटलं होतं ते आठवलं. "मिस्त्री गेले ना, की माझी रवानगी दिराच्या मागच्या खोलीत. गोण्या, मोडकी सायकल आणि मी. कोण विचारतंय बाई मला, बटण दाबण्यापलीकडे येतंय काय?" गंमत म्हणून म्हटलं होतं. ती हसली होती, मीही हसले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याच संध्याकाळी घरी जमिनीवर पहिल्यांदा मोटर मांडली गेली. "अगं, इकडे ये. हे उघड."

हसू कुठल्या कुठे गेलं. छातीत दुखत असताना हा माणूस रोज संध्याकाळी मला पट्टा ताणायला शिकवत होता, आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. माझं सगळं ऐकायला त्यांच्याकडे पाइप होता. त्यांचं मला ऐकवणारा पाइप कुठे होता? "हं" म्हणायच्या आधी एकदा तरी सांगायचं होतं हो. एकदा तरी.

खाली आचारी बोलत होता. मी डोळे पुसले आणि कान दिला.

"कागद चिकटला खरा. पण धूर बघितलात ना? निम्मा गेला, निम्मा हूडाच्या पुढच्या कडेने बाहेर. ही एकच कढई होती. उद्या सगळ्या चुली पेटल्या की काय होणार?"

"मग सांगा की वहिनींना."

"कसं सांगू? तोंड बघितलंत त्यांचं? लहान पोरासारखा आनंद झालाय. जाऊ दे. खिडक्या उघड्या ठेवू, चालवू कसंतरी."

भाऊजी मग म्हणाले, "तुम्ही नका सांगू. मी संध्याकाळी सांगतो. खोली रिकामी करून ठेवलीय. गोण्या हलवल्या, चुना काढलाय. दादाची बायको आहे, तिला काय छपरांवर चढू द्यायचं?" आणि पुढे म्हणाले, "दादाही असाच चढायचा."

चुना काढला होता बिचाऱ्यांनी. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो काही आला नाही. आली ती भीती. नुसती माझी खिडकी जाईल याची नाही. मिस्त्रींनी वर्षभर जीव ओतला आणि मी पहिल्याच पंख्याला माती खाल्ली, याची. निम्मा धूर का? पट्टा ताठ, नट ताठ, मोटर नवी. कागद तर चिकटला होता.

कागद. "कागदावर विसंबू नकोस," संध्याकाळचा तो आवाज आठवला. "हा पंखा उलटा फिरला तरी ओढतो. निम्मंशिम्मंच ओढतो, पण कागदाला तेवढं पुरतं. तीन वायरी कुठल्या क्रमाने आल्यात ते डोळ्यांना दिसत नाही. चालू होताना बघायचं. एकदा वेग धरला की कोणाच्या बापाला कळत नाही सुलटा का उलटा."

चालू होताना बघायचं. आणि चालू होताना मी कुठे होते? खाली. बटणापाशी, हातात कागद घेऊन. आयुष्यभर मी तिथेच उभी राहिले होते, पाय आपोआप तिथेच गेले. खालचं माझं काम मी अगदी चोख केलं होतं. वरचं काम करायला वर कोणीच नव्हतं.

वायरींची डबी उघडली. लाल आणि निळी काढून एकमेकींच्या जागी लावली. दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर दिशा बदलते, बस, इतकंच. पंखा खाली टेकवला, मोटरवरचं झाकण मात्र काढून ठेवलं, पुली दिसावी म्हणून. आणि खाली उतरले.

मला बघताच आचारी कढई घासायला लागला, जी त्याने जन्मात घासली नसेल.

"आचारीबुवा," मी म्हटलं, "तो निम्मा धूर पुढच्या कडेने येतोय ना, तो आता यायचा नाही. खिडक्या लावून घ्या आणि पुन्हा कांदा जाळा."

त्याच्या हातातली घासणी पडली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मनातलं कळतं मला," मी म्हटलं आणि फ्यूज बसवले. पाइपाचं नाव मी काढलं नाही. मिस्त्रींनी इतकी वर्षं झाकून ठेवलं, मी का उघडं पाडू?

भाऊजींना बटणापाशी उभं केलं. माझ्या जागेवर. त्यांचे पाय तिथे बघून कसंतरीच झालं, पण काय करता. "मी वरून पाइपावर ठोकणार. एक ठोका म्हणजे लावा, दोन म्हणजे बंद." तिसऱ्या ठोक्याचं मी बोलले नाही. तो आमचा होता.

पुन्हा वर. गुडघा आता उघडउघड शिव्या देत होता. पुलीसमोर बसले. पंख्याच्या अंगावर कोरलेल्या बाणावर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पाना आपटला. एकदा.

पुली हलली. क्षणभरच दिसलं, पण दिसलं. बाणाच्या दिशेने. मग तिने वेग धरला आणि नुसती चकाकी उरली. पंख्याच्या तोंडातून जळक्या कांद्याचा धूर असा सरळसोट आकाशात गेला की माझी मान वर झाली. पाइपावर तळहात ठेवला. तो एका लयीत घुमत होता. जिंकलो हो आपण, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. वाऱ्याशिवाय तिथे ऐकायला कोण होतं?

त्यांना ऐकायला खाली मी होते, माझी न संपणारी बडबड होती. आता ऐकायच्या जागेवर मी आले, तर खाली बोलणारी कोणी नाही. किती एकटं आहे हे टोक. त्यांनाही असंच वाटत असेल का, म्हणून कान लावून बसत असतील का?

झाकण लावलं, नट आवळले. हत्यारं आवरली. आणि पाना हातात होताच, सवयीने म्हणा, ओढीने म्हणा, पाइपावर आपटला. एक. दोन. तीन.

पंखा मंदावला. मंदावत मंदावत थांबला. भाऊजींनी दोन ऐकले आणि लगेच बंद केला. मग पाइपातून त्यांचा घाबरलेला आवाज वर आला, "वहिनी? तीन वाजले! तीन म्हणजे काय हो? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बाणासारखा धूर गेला होता, बंद का केलात?" हे आचाऱ्याचं ओरडणं. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला. "जरासुद्धा धूर बाहेर आला नाही हो!"

"अहो पण वहिनी तिकडे..." भाऊजी हूडाखाली येऊन ओरडले. "वहिनी, ओ द्या. खोलीत परत गोण्या टाकतो, हवं तर आजच टाकतो, पण ओ द्या!"

मी पंख्याच्या फटीशी तोंड नेलं. पाइपाचं गुपित लपवणार होते, पण त्या आवाजापुढे लपवणं जमेना.

"बरी आहे मी, भाऊजी. तीन म्हणजे काम झालं. डबा उघडा."

काहीतरी उचलल्या-ठेवल्याचा आवाज आला. माझी हत्यारांची पिशवी असावी. मग भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, डबा कुठेय?"

डबा मी आणलाच नव्हता. दोघांचा भरायची सवय हाताला. त्या सकाळी ओट्यासमोर खिडकीत किती वेळ उभी राहिले, पण एकटीचा डबा काही भरवेना.

"राहिला घरी," मी पाइपात म्हटलं. "पंखा लावा, भाऊजी. येतेच मी खाली."